पाणी पिणारी जीप

जुनी गाडी बघायला जायचं तर न सांगता जायचं, हे विनोदनं भिकूतात्यांना एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. इंजिन थंड असतानाच बघावं लागतं. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्यांदा चालू होताना जे बोलते ते खरं. एकदा तापली की तीही गोड बोलायला लागते. तात्यांनी सगळं मन लावून ऐकलं, मान डोलावली, आणि दुसऱ्याच दिवशी पोलादपूरला उतरून एसटीडी बूथवरून बिरवाडीला फोन लावला. राहीआत्याच्या शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला, की रविवारी सकाळी आम्ही जीप बघायला येतोय, तिघं आहोत, जेवूनच जाऊ.

"तात्या, मी काय सांगितलं व्हतं?" विनोदनं विचारलं.

"काय?"

"कळवू नका म्हणून!"

"मग काय लेकीच्या घरात चोरासारखं शिरायचं? शाणाच हायस."

विनोदनं पुढे बोलणं सोडून दिलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून त्याचे हात दुखायला लागले होते.

राहीआत्या म्हणजे तात्यांची धाकटी बहीण, वरच्या कोंडावरून, म्हणजे डोंगरातल्या त्यांच्या वाडीवरून, बिरवाडीला दिलेली, म्हणून सगळ्या कोंडाची लेक. तिचे यजमान मागेच वारले. मुलगा राजू काही वर्षं मुंबईला राहून परत आला होता आणि एक जुनी डिझेल जीप घेऊन बिरवाडी ते वरंध अशी माणसं वाहत होता. आता त्याला ती जीप विकायची होती, आणि तात्यांना ती घ्यायची होती, पुतण्यासाठी.

पुतण्या म्हणजे विनोद. महाडच्या एका व्यापाऱ्याचा टेम्पो चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. घाट चढायचा त्यानं, उतरायचा त्यानं, रात्री टेम्पोखाली झोपून नट आवळायचे त्यानं, आणि माल पोचायला उशीर झाला की मालकाच्या शिव्याही खायच्या त्यानंच. आता कोंडापर्यंत कच्चा का होईना, रस्ता आला होता. कोंडावरची माणसं पोलादपूरला न्यायची-आणायची, स्वतःच्या गाडीनं, कुणाचं ऐकून न घेता, एवढंच त्याला हवं होतं. तात्यांचे गुडघे गेले, म्हशींमागे डोंगर चढणं होईना, तेव्हा त्यांनी सगळ्या म्हशी विकल्या आणि म्हणाले, "ह्याची इनोदला गाडी." पण म्हशी काही पुन्हा पुन्हा विकता येत नाहीत. हा डाव चुकला तर विनोद जन्मभर लोकांच्या टेम्पोवर आणि तात्या रिकाम्या गोठ्याकडे बघत बसलेले, हे विनोदला लख्ख दिसत होतं. तात्यांना ते दिसत नव्हतं, ह्याचाच त्याला संताप होता.

तात्यांना जनावर कळायचं. नुसतं पाठीवरून हात फिरवून म्हैस कितव्या वेताची ते सांगायचे, आणि आजवर एकदाही चुकले नव्हते. पंचक्रोशीत म्हैस घ्यायला निघालेला माणूस आधी तात्यांना विचारायचा. त्यामुळे जीप घ्यायची तर त्यात एवढं काय अवघड, असं त्यांचं साधं गणित होतं. तिसरे सोबत कोंडावरचेच मोरूआबा. जनावर घ्यायला दोघांनी जाऊ नये, तिसरं तोंड लागतं, म्हणून त्यांना घेतलेलं. तात्या बोलले की "अगदी" म्हणायचं, एवढंच त्यांचं काम, आणि ते त्यांनी आयुष्यभर चोख केलं होतं.

महाडहून बिरवाडीला जाणाऱ्या सहा सीटर रिक्षात तात्या विनोदच्या कानाशी आले. "इनोद, एक ध्यानात ठेव. लेकीचं घर हाय. लेकीच्या दावणीच्या जनावराला नाव ठेवायचं नाय. तिच्या जेवणाला, भांड्याला, कशालाच नाव ठेवायचं नाय. आपली रीत हाय."

"तात्या, ती जीप हाय."

"दावणीलाच हाय ना?"

"अगदी," मोरूआबा म्हणाले.

म्हणजे बघायला जायचं, पण दिसलं ते बोलायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, असं मनात म्हणत विनोद बाहेर बघत बसला.

जीप अंगणात उभी होती. नुकत्याच लग्नाला निघालेल्या नवरदेवासारखी. टायर काळे करून चमकवलेले, काच पुसलेली, आणि बॉनेट उघडलं तर आतलं इंजिन डिझेलनं धुऊन असं लख्ख केलेलं की त्यात तोंड बघावं. विनोदला धुतलेलं इंजिन बघितलं की आधी शंका येई. रोज वापरातल्या इंजिनावर धूळ असते, थोडी ओल असते. त्यावरून कुठून काय गळतंय ते कळतं. इथं राजूनं सगळा पुरावाच धुऊन टाकला होता. त्यानं बॉनेटच्या पत्र्यावर हात ठेवला. गरम.

"सकाळी कुठं गेली व्हती?" विनोदनं विचारलं.

"देवाला जाऊन आलो जरा," राजू म्हणाला. "एकदम एक नंबर कंडिशन हाय, टेन्शन नको घेऊ."

तात्या पुढे आले. त्यांनीही पत्र्यावर हात ठेवला, मग डोळे मिटून क्षणभर तसेच उभे राहिले, आणि समाधानानं मोरूआबांकडे वळले. "अंगात ऊब हाय. थंड जनावर वाईट."

"अगदी. थंड म्हंजे आजारी."

विनोदनं गाडी चालू करायला लावली. तापलेली असल्यामुळे एका झटक्यात चालू झाली, आणि मागच्या नळीतून पांढरा, दाट धूर निघाला. माघातली सकाळ होती, थंडी होती. पण तापलेल्या इंजिनाला असा धूर शोभत नाही. पांढरा धूर म्हणजे आत पाणी जळतंय. विनोद तोंड उघडणार, तोच तात्या म्हणाले, "थंडीत म्हशीच्या नाकातून पण अशीच वाफ येते."

इंजिनाच्या पुढच्या बाजूला, धुऊनही, काळं तेल पाझरून थेंब धरला होता. तात्यांना तोही दिसला. विनोदला वाटलं, आता तरी. तात्यांनी बोट लावून बघितलं. "नाक ओलं हाय," ते म्हणाले. निरोगी म्हशीचं नाकाड ओलं असतं, हे विनोदलाही माहीत होतं.

मग त्यानं इंजिन बंद करवून तेल भरायचं झाकण काढलं. तेल तर नवंच होतं, कालच बदललेलं. पण झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा, चिकट लगदा जमला होता. पाणी तेलात मिसळलं की असा लगदा धरतो. विनोदनं ते झाकण तात्यांसमोर धरलं. आता बोलायचीही गरज नव्हती, हे बघून आंधळ्यालाही कळलं असतं.

"साय?" तात्या म्हणाले.

"साय नाय ती, तात्या..."

तात्यांनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य घशातच राहिलं. राहीआत्या ओटीवर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "बेस हाय गो गाडी," तात्या तिच्याकडे बघून मोठ्यानं म्हणाले. "राजूनं निगा राखलीय."

राजू हसला. त्या हसण्यानं विनोदचं डोकं फिरलं. ह्या माणसानं गाडीची कसली निगा राखली? धुतली, पुसली आणि पळवली. आत काय चाललंय त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आणि त्याच्या तोंडावर तसं सांगायची सोय नाही, का, तर तो आत्याचा मुलगा आणि हे आत्याचं घर. आपलेच दात नि आपलेच ओठ. विनोद हात धुवायला मोरीकडे गेला आणि जेवण होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही असं त्यानं ठरवलं.

आत्यानं कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. पहाटेपासून राबली असणार. तात्यांनी रश्शाचं कौतुक केलं, भाकरीचं केलं, घराचं केलं, मग पुन्हा रश्शाचं केलं. आत्या भाकरी वाढता वाढता खुलली आणि स्वतःच जीपचं सांगायला लागली.

"लय गुणाची गाडी हाय बग दादा. एक दिस घरी बसली नाय. डिझेल कसं बेतानं खाते. पाणी मात्र पिते हां. सकाळी एक कळशी, सांजच्याला एक. विहिरीवरून मीच आणून ओतते."

विनोदच्या घशात घास अडकला. तो खोकायला लागला. राजूनं ताटातून मान वर काढली आणि आईकडे असं बघितलं की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. "आये, तू भात आण ना," तो म्हणाला.

पण तात्या घास हातात धरून थांबले होते. त्यांच्या चेहऱ्यावर म्हशीच्या बाजारात हवं ते जनावर सापडल्यावर यायचा तसा आनंद होता. "ऐकलंस मोरू? पाणी पिणारं जनावर."

"अगदी. पाणी तोडलं की जनावर गेलंच समज."

"हे कायम पितं. दिसाला दोन कळश्या!"

विनोदला हसावं की रडावं कळेना. पंधरा मिनिटं तो ज्या गोष्टीचा पुरावा शोधत होता ती आत्यानं सगळ्यांसमोर, कौतुकानं, वाढणं वाढता वाढता सांगून टाकली होती. इंजिनातलं पाणी नि तेल वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट गेलंय, आजचं नाही, कितीतरी महिन्यांचं गेलंय, आणि ते न बदलता वरून पाणी ओतत ओतत गाडी पळवलीय. सगळ्यांनी ऐकलं. आणि सगळ्यांनी त्याला गुण मानला. तात्यांनी हात धुतले न धुतले तोच पिशवीतून नारळ आणि झेंडूचा हार काढला.

नारळ फुटला की संपलं. फुटलेल्या नारळानंतर माघार घेणं तात्यांच्या डिक्शनरीत नव्हतं. विनोद उठला आणि तात्यांचा हात धरून म्हणाला, "तात्या, जरा अंगणात या. नाव ठेवत नाय. नुसतं विचारायचं हाय."

जीपपाशी येऊन त्यानं स्वतःला आवरलं. गॅस्केट, हेड, सिलिंडर, हे सगळं त्यानं गेल्या आठवड्यात समजावून बघितलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं ते तो बघतच होता.

"तात्या, म्हैस पाणी पिते. मग काय करते?"

"काय करते म्हंजे? मुतते."

"आणि नाय मुतली तर?"

तात्यांनी त्याच्याकडे बघितलं. हा काय विचारतोय असं तोंडावर होतं, पण प्रश्न जनावराचा असल्यामुळे उत्तर आपोआप आलं. "पोट फुगतं. मग जनावर जगत नाय."

"ही दिसाला दोन कळश्या पिते. रोज रात्री इथंच उभी असते. खाली बघा. कुठं ओल दिसते?"

तात्यांनी खाली बघितलं. जीपखालची माती कोरडी ठक्क होती. तेलाचे काळे डाग होते, पण पाण्याचा थेंब नव्हता. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत ते खाली बसले, चिमूटभर माती उचलून बोटांत चुरली आणि वाऱ्यावर सोडली.

"मग जातं कुठं?" त्यांनी विचारलं. आवाज बदलला होता.

"पोटात. बरंचसं धुरातून बाहेर पडतं, ती वाफ थंडीची नव्हती. बाकीचं तेलात. ती साय त्याचीच. तेलात पाणी गेलं की आतलं लोखंड लोखंडावर घासतं, तात्या. हे लय दिवसांचं दुखणं हाय. आपल्या कोंडाचा चढ हिला झेपायचा नाय. माणसं बसलेली असताना मधेच जीव सोडील."

तात्या विनोदच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा आजारी जनावर आपण धडधाकट ठरवलं, हे त्यांच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसत होतं की विनोदला राग धरून ठेवणं जड गेलं. त्यांनी हार पुन्हा पिशवीत घातला, त्यावर नारळ ठेवला. म्हशी वाचल्या, असं विनोदच्या मनात आलं, जरी म्हशी केव्हाच गेल्या होत्या.

ओटीवर येऊन तात्या म्हणाले, "राही, गाडी बेस हाय. पण आजचा दिस काय बरा नाय. घरी विचार करतो नि कळवतो."

"अगदी," मोरूआबा म्हणाले.

राजूचं तोंड उतरलं. आत्या मात्र भावाकडे बघत राहिली. मग पिशवीकडे. "दादा, नारळ काढला व्हतास तू."

"दिस बरा नाय गो."

"मघाशी बरा व्हता. खाली बसून माती कशाला बघत व्हतास? गाडीत खोट हाय?"

"नाय गो बाय, सगळं बेस हाय."

आत्या विनोदकडे वळली. "इनू, तू सांग."

विनोदनं तात्यांकडे बघितलं. तात्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. सकाळपासून ज्या बोलण्यासाठी विनोद तडफडत होता ते आता समोर आयतं चालून आलं होतं, आणि नेमकं आता त्याला ते बोलू नये असं वाटत होतं. झाकली मूठ राहिली असती तर सगळे गोडीत घरी गेले असते. पण आत्या त्याच्यावरची नजर काढीना.

"गाडी पाणी पीत नाय आत्या," तो म्हणाला. "आत फुटलंय. त्यातून ते पाणी वाया जातं."

"कधीपासून?"

"तू पाणी ओतायला लागलीस तेव्हापासून."

आत्या ओटीच्या खांबाला धरून उभी होती. "ते नीट करायला काय लागलं असतं?"

"सुरुवातीलाच नेली असती तर दोन दिस गॅरेजला. आता लय काम हाय."

"दोन दिस," आत्या म्हणाली. तिनं राजूकडे बघितलं. "मला म्हणालास, जीपला पाणी लागतंच."

"आये, गाडी उभी ठेवून कसं चालंल?" राजू एकदम चिडून म्हणाला. "रोज वाटायचं, उद्या नेतो. उद्या नेतो. मला काय मुद्दाम..." तो पायरीवर बसला.

"राही, जाऊ दे गो," तात्या म्हणाले. "पोरगा चांगला हाय. होतं असं. घर कसं छान ठेवलंयस..."

"दादा, गप ऱ्हा."

तात्यांना आजवर असं कुणी बोललं नव्हतं. मोरूआबासुद्धा "अगदी" म्हणायचं विसरले.

"राजूचा बाप गेला तेव्हा आलास तू," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "घर चांगलं हाय म्हणालास. पत्रा गळत व्हता, खाली टोप लावलेलं व्हतं, तू वर बघितलं नायस. राजू मुंबईहून आला तेव्हा त्याला काम नव्हतं. आलास, जेवलास, पोरगा गुणी हाय म्हणालास, गेलास. दरसाली येतोस. माझ्या हातची आमटी खारट झाली तरी गोड म्हणतोस. मला वाटायचं, एकदा तरी माहेरचा माणूस माझ्या घराला नाव ठेवील. मग मी पण सांगीन, काय काय मोडलंय ते. पण तुम्ही सगळे रीत पाळता. नाव ठेवत नाय."

तात्यांची मान खाली गेली होती. विनोदला सकाळपासून सगळ्यांचा राग आला होता, तात्यांचा, राजूचा, मोरूआबांच्या त्या "अगदी"चा. आता त्याला स्वतःचा आला. आत्यानं कळशी म्हटलं तेव्हा त्याला गॅस्केट दिसलं होतं. विहीर किती लांब आहे आणि ती कळशी कुणाच्या कमरेवरून येते, हे त्याला सुचलंही नव्हतं. महाडात इतकी वर्षं काढली, बिरवाडीवरून कितीदा टेम्पो गेला, आणि आत्याकडे तोही जेवायलाच आला होता.

"पोलादपूरची यष्टी हाय आता," मोरूआबा हळूच म्हणाले, कारण कुणीतरी काहीतरी म्हणणं भाग होतं. "ही चुकली तर सांजच्याला मिळंल."

"जाऊ दे यष्टी," तात्या म्हणाले.

त्यांनी पिशवी खाली ठेवली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ओटीवर बहिणीसमोर बसले. "सांग," ते म्हणाले. "समदं सांग."

आत्यानं पदरानं डोळे पुसले. मग तीही भिंतीला टेकून बसली.

"कुठनं सुरू करू?" तिनं विचारलं, आणि पायरीवरून उठून निघालेल्या राजूला म्हणाली, "तू कुठं चाललास? तू पण बस रे."